मोबाईलवर 'शिका' होईल, पण 'संघटित व्हा'चे काय?

"आता सारं मोबाईलवरच शिकता येते न, मंग पोरीले अमरावतीले ठेवाची काय गरज?" हा प्रश्न यवतमाळ जिल्ह्यातल्या आपल्या वस्त्यांमध्ये आता नेहमीचा झाला आहे. विचारणारे लोक शिक्षणाचे विरोधक नाहीत. कापूस आणि सोयाबीनच्या मजुरीवर घर चालवणारे, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावणारे, पोरांनी शिकावे म्हणून पोटाला चिमटा घेणारे हे मायबाप आहेत. खोलीभाडे वाचते, मेसचा खर्च वाचतो, एसटीचे भाडे वाचते आणि शिक्षणही होते, तर वाईट काय, असे त्यांना वाटते.

प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तरही नीट द्यायला हवे. आपल्या चळवळीत या विषयावर दोन टोकाची मते ऐकू येतात. एक गट म्हणतो, ऑनलाइन शिक्षण म्हणजे बहुजनांना शाळेबाहेर काढण्याचा डाव. दुसरा गट म्हणतो, इंटरनेटने ज्ञानाची मक्तेदारी मोडली, आता कोणी द्रोणाचार्य आपला अंगठा मागू शकत नाही. दोन्ही मतांत थोडे खरे आहे आणि दोन्ही अपुरी आहेत. माझे म्हणणे असे आहे: ऑनलाइन शिक्षण शाळा, कॉलेज आणि वसतिगृह यांना जोड म्हणून आले तर ते आपल्या हिताचे आहे. त्यांच्या जागी आले तर ते आपल्या मुळावर येणारे आहे.

फायदे नाकारू नका

आधी फायद्यांबद्दल बोलू. कारण ते खरे आहेत आणि त्यातले काही तर खास आपले आहेत.

महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे इंग्रजी खंड प्रकाशित करायला सुरुवात केली. मागणी प्रचंड आणि छपाई रखडलेली, असा त्यांचा इतिहास आहे. डिसेंबर २०२१ मध्ये तर या रखडलेल्या छपाईची मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. पण तेच इंग्रजी खंड आज परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांचे अध्यक्षीय भाषण होऊ दिले नाही, म्हणून त्यांना ते स्वतःच्या खर्चाने छापावे लागले. ते 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' आज कोलंबिया विद्यापीठाच्या संकेतस्थळावर टिपांसह वाचता येते. झरी जामणीच्या मुलाला ते वाचण्यासाठी कोणत्याही ग्रंथपालाची मर्जी सांभाळावी लागत नाही. ही लहान गोष्ट नाही.

केंद्र सरकारचे 'स्वयम्' हे व्यासपीठ जुलै २०१७ मध्ये सुरू झाले. आयआयटी आणि केंद्रीय विद्यापीठांतल्या प्राध्यापकांची व्याख्याने तिथे फुकट ऐकता येतात. प्रमाणपत्र हवे असेल तर परीक्षेची फी भरावी लागते, ऐकायला पैसे लागत नाहीत. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या ज्या मुलाला पुण्यात राहणे परवडत नाही, त्याला राज्यघटना, अर्थशास्त्र, इतिहास हे विषय मराठीतून समजावणारे व्हिडिओ गावात बसून मिळतात. आईसोबत सकाळी वेचणीला जाणारी मुलगी रात्री नऊ वाजता तो धडा ऐकू शकते, थांबवू शकते, पुन्हा लावू शकते. वर्गात तिसऱ्यांदा तोच प्रश्न विचारायची तिची हिंमत झाली नसती.

शिक्षणाने विद्यार्थ्याच्या परिस्थितीशी जुळवून घ्यावे, ही कल्पनाही आपल्याला परकी नाही. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले तेव्हा दिवसा नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग ठेवले गेले. पुढे १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आले. शाळा मधेच सुटलेल्या कितीतरी बायाबापड्यांच्या आणि कामगारांच्या हाती त्यामुळे पदवी आली. घरी बसून शिकणे म्हणजे दुय्यम शिकणे असे जे नाक मुरडले जाते, त्यातही जातीचा आणि वर्गाचा अहंकार असतो, हे आपण ओळखले पाहिजे.

पडद्यावरही आडनाव दिसते

फायद्यांत एक मोठा मुद्दा आपले तरुण नेहमी मांडतात. साताऱ्याच्या शाळेत भीमराव नावाच्या विद्यार्थ्याला घरून गोणपाट आणून वेगळे बसावे लागत होते. पडद्यावर गोणपाट नाही, वेगळी रांग नाही, पाण्याचा वेगळा माठ नाही. मग ऑनलाइन वर्ग हा जातमुक्त वर्ग नव्हे काय?

मलाही हे पटावेसे वाटते. पण एप्रिल २०२१ मध्ये देशाने काय पाहिले ते आठवा. आयआयटी खरगपूरमध्ये अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी असलेल्या पूर्वतयारी अभ्यासक्रमाचा ऑनलाइन वर्ग चालू होता आणि एक प्राध्यापिका त्या मुलांना उघड शिवीगाळ करत होती. हा वर्ग कोणत्या मुलांचा आहे, हे तिला ठाऊक होते. म्हणजे गोणपाट गेले, पण यादी राहिली. पडद्यावर चौकटीखाली नाव असते, नावाला आडनाव असते आणि आडनावाला काय असते ते महाराष्ट्रात कोणाला सांगावे लागत नाही. जात बाकावर बसलेली नव्हती. ती डोक्यात होती, आणि डोके ऑनलाइनही तेच असते.

याच घटनेची दुसरी बाजूही सांगायला हवी. त्या वर्गाचे चित्रीकरण झाले होते, म्हणून पुरावा राहिला. व्हिडिओ देशभर पसरला, अनुसूचित जाती आयोगाने दखल घेतली, प्राध्यापिकेला निलंबित करावे लागले. चार भिंतींच्या वर्गात असे अपमान पिढ्यान्‌पिढ्या झाले आणि पुराव्याअभावी विरले. तंत्रज्ञान जात संपवत नाही, पण जातीयवाद्याला पकडायला ते उपयोगी पडू शकते. आपल्या कार्यकर्त्यांनी हे शस्त्र शिकून घ्यावे.

जो प्रयोग आपल्यावर झाला

ऑनलाइन शिक्षण शाळेच्या जागी आले तर काय होते, याचा प्रयोग आपल्या मुलांवर होऊन गेला आहे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' असे शासनाने जाहीर केले. ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग पुन्हा भरवायला परवानगी मिळाली ती १ डिसेंबर २०२१ पासून. म्हणजे मार्च २०२० मध्ये पहिलीत असलेले लेकरू थेट तिसरीच्या मध्यावर शाळेत परतले.

तयारी काय होती? राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ च्या आकड्यांनुसार ग्रामीण भारतात जेमतेम १५ टक्के घरांत इंटरनेटची सोय होती आणि संगणक ४.४ टक्के घरांत. ऑगस्ट २०२१ मध्ये ज्याँ द्रेज, रितिका खेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रासह १५ राज्ये आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या गरीब वस्त्यांमध्ये सुमारे १,४०० मुलांची पाहणी केली. ग्रामीण भागात नियमित ऑनलाइन शिकणारी मुले होती फक्त ८ टक्के. त्यातही जातनिहाय पाहिले तर दलित-आदिवासी मुलांमध्ये हे प्रमाण ४ टक्के आणि इतर मुलांमध्ये १५ टक्के निघाले. सगळे गरीबच, सगळे खेड्यातलेच, तरीही जवळपास चौपट फरक. 'जात आता कुठे राहिली' असे विचारणाऱ्यांना हा एक आकडा पुरेसा आहे.

जून २०२० मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात एका दलित शाळकरी मुलीने, ऑनलाइन वर्ग सुरू झाले त्याच दिवशी, जीव दिला. घरचा टीव्ही बिघडलेला होता आणि स्मार्टफोन नव्हता. केरळ हे साक्षरतेत देशात आघाडीवर असलेले राज्य. तिथे हे घडले.

आपल्या जिल्ह्यात तर आणखी एक भिंत आहे. झरी जामणी, केळापूर, मारेगाव या तालुक्यांतल्या कोलाम पोडांवर लेकरे घरी कोलामी बोलतात. ती मराठीची बोली नाही, द्रविड कुळातली स्वतंत्र भाषा आहे. प्रमाण मराठीतला व्हिडिओ त्या लेकरासाठी परक्या भाषेतला सिनेमा असतो. वर्गातला चांगला शिक्षक लेकराच्या चेहऱ्याकडे पाहून ओळखतो की याला समजले नाही. मग तो हाताने दाखवतो, दुसऱ्या मुलाकडून सांगवतो, चार कोलामी शब्द स्वतः शिकतो. व्हिडिओ थांबत नाही. लेकरू गप्प झाले, हे त्याला कळतच नाही.

हेही नमूद केले पाहिजे, की त्या काळात अनेक जिल्हा परिषद शिक्षक वस्तीवर गेले, ओट्यावर आणि झाडाखाली मुलांना घेऊन बसले. शिक्षण टिकले असेल तर ते बहुतेक ठिकाणी माणसाने टिकवले, सिग्नलने नाही.

फोन घरात, पण कोणाच्या हातात?

कोणी म्हणेल, हे सगळे जुने झाले. आता घरोघरी स्मार्टफोन आहेत. खरे आहे. 'असर'च्या २०२३ च्या ग्रामीण पाहणीत १४ ते १८ वयाच्या जवळपास ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आढळला. पण त्याच पाहणीत फोन वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन होता ४३.७ टक्के मुलांकडे आणि फक्त १९.८ टक्के मुलींकडे. फोन घरात येणे आणि मुलीच्या हातात येणे यात मोठे अंतर आहे. 'असर'च्याच २०२४ च्या पाहणीत १४ ते १६ वयोगटातल्या, फोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ५७ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात फोन अभ्यासाशी संबंधित कामासाठी वापरला होता, आणि सोशल मीडियासाठी वापरणारे होते ७६ टक्के.

माझ्या कामात मला सगळ्यांत जास्त धास्ती याच मुद्द्याची वाटते. वस्तीत फिरताना दिसते, की 'ऑनलाइन करते न' हे मुलीला घरी ठेवण्याचे सभ्य कारण झाले आहे. पूर्वी बाप सरळ म्हणायचा, पोरीला शिकवून काय करायचे? त्याच्याशी भांडता येत होते, बाबासाहेबांचे नाव घेऊन त्याला लाजवता येत होते. आता तो म्हणतो, शिकतेच आहे की! नावाला प्रवेश घेतलेला असतो, परीक्षेपुरते कॉलेजला जाणे होते. दिवसभर चूल, पाणी, शेण, धाकटी भावंडे आणि रात्री भाऊ झोपला तर फोन. दोन वर्षांनी लग्न. कागदावर ती पदवीधर होते. पण तिने एकटीने एसटीचा प्रवास केलेला नसतो, ग्रंथालयात पाऊल टाकलेले नसते, आपल्या मताचा चार लोकांसमोर बचाव केलेला नसतो.

सावित्रीमाईंनी १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींना नुसती अक्षरे दिली नाहीत. मुलीने उंबरा ओलांडून, लोकांच्या नजरा झेलत रस्त्यावरून शाळेत जावे, ही त्या क्रांतीची अर्धी बाजू होती. उंबऱ्याच्या आत शिकता येते हे मान्य. पण उंबरा ओलांडण्याचे काम मोबाईल करू शकत नाही.

वसतिगृहाने आपल्याला काय दिले

समाजशास्त्रात 'सांस्कृतिक भांडवल' अशी संकल्पना आहे. फ्रेंच विचारवंत पिएर बोर्द्यू याने ती मांडली. सोप्या शब्दांत सांगायचे तर कोणता अर्ज कुठे करायचा, कोणत्या विषयाला पुढे वाव आहे, मुलाखतीत कसे बोलायचे, प्राध्यापकाशी वाद कसा घालायचा, हे काही घरांत जेवताना बोलता बोलता मुलांना कळते. आपल्या घरांत ते नाही, कारण आपल्या आजोबांना शाळाच नव्हती. ही तूट आपण कुठे भरून काढली? वसतिगृहात. दोन वर्षे पुढे असलेल्या दादाने फॉर्म भरून दिला, ताईने शिष्यवृत्तीची तारीख सांगितली, खोलीतल्या मित्राने पहिले पुस्तक हातात दिले.

बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादला कॉलेज काढले. तेच आजचे मिलिंद महाविद्यालय. मराठवाड्याच्या खेड्यांतून आलेली मुले नागसेनवनात एकत्र राहिली, जेवली, भांडली, वाचू-लिहू लागली. डॉ. गंगाधर पानतावणे यांचे 'अस्मितादर्श' आणि मराठवाड्यातले दलित साहित्य त्याच वातावरणात वाढले. मुंबईत वडाळ्याचे सिद्धार्थ विहार वसतिगृह आणि १९७२ ची दलित पँथर यांचे नाते तर सर्वांना माहीत आहे. ही मुले आपापल्या घरी बसून व्हिडिओ पाहत राहिली असती, तर कदाचित पदव्या मिळाल्या असत्या. पँथर मिळाली नसती.

म्हणूनच बाबासाहेबांचा मंत्र तीन शब्दांचा आहे: शिका, संघटित व्हा, संघर्ष करा. मोबाईल पहिल्या शब्दाला मदत करतो. दुसऱ्या शब्दासाठी माणसे एका छताखाली यावी लागतात, आणि दुसरा नसेल तर तिसरा होत नाही. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये दोनशे लोक असतात, पण शिष्यवृत्ती अडली तेव्हा समाजकल्याण कार्यालयाच्या दारात बसायला किती येतात, हे प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक आहे.

फायदा कोणाचा आणि जागा कोणाच्या जाणार

आता धोरणाकडे पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एखाद्या अभ्यासक्रमातले एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय 'स्वयम्'वरून पूर्ण करण्याची मुभा संस्थांना देता येते. चांगल्या कॉलेजात याचा अर्थ जास्तीचा पर्याय. ग्रामीण भागातल्या, प्राध्यापकांची पदे रिकामी असलेल्या कॉलेजात याचा अर्थ होऊ शकतो की ते पद आता भरायचेच नाही. आणि न भरलेल्या पदांत आपली राखीव पदेही असतात. म्हणजे मुलाला शिक्षक मिळत नाही आणि शिकून नेट-सेट झालेल्या आपल्याच ताई-दादाला नोकरी मिळत नाही.

शाळांचेही तसेच. २०२३ मध्ये शिक्षण विभागाने २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचा विचार पुढे आणला. पोडावरची, तांड्यावरची, वस्तीवरची शाळा कमी पटाचीच असणार. उद्या 'शाळा लांब गेली तरी टॅबवर शिका' असे सांगितले गेले, तर आश्चर्य वाटायला नको. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे हेच ठणकावले होते, की रयतेच्या कराचा पैसा वरच्यांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि खालच्यांच्या प्राथमिक शिक्षणाची उपेक्षा होते. ज्ञान वरून खाली झिरपेल, हा सिद्धांत तेव्हाही खोटा होता. तो केबलमधून झिरपेल, हेही खोटेच आहे.

बाजाराचे तर विचारूच नका. 'बायजूज' ही एके काळची देशातली सगळ्यांत मोठी ऑनलाइन शिक्षण कंपनी. गरीब पालकांना कर्जाच्या हप्त्यांवर अभ्यासक्रम गळ्यात मारल्याच्या तक्रारींवरून डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय बालहक्क आयोगाने तिच्या प्रमुखाला बोलावणे धाडले. जुलै २०२४ मध्ये तिच्यावर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. सरकारी शाळा बिघडली तर ग्रामसभेत बोलता येते, माहिती अधिकारात अर्ज टाकता येतो. अ‍ॅप बिघडले तर कोणाच्या दारात बसणार? अ‍ॅपमध्ये आरक्षण नाही, शिष्यवृत्ती नाही, वसतिगृह नाही. ग्राहकाला हप्ता असतो, हक्क नसतो.

मग करायचे काय?

पहिले, आपले विहार आणि समाजमंदिर वापरा. वर्षातून चार दिवस उघडणाऱ्या वास्तूत रोज संध्याकाळी अभ्यासिका चालू शकते. एक इंटरनेट जोडणी, एक-दोन वापरलेले लॅपटॉप, एक प्रिंटर, बसायला सतरंजी. जयंतीच्या डीजेवर एका वर्षी होणाऱ्या खर्चातून बहुतेक वस्त्यांत एवढे नक्की उभे राहते.

दुसरे, व्हिडिओ एकट्याने पाहू नका. सहा-सात जणांनी मिळून एक व्याख्यान पाहायचे, मग ते बंद करून अर्धा तास बोलायचे. कॉलेजात शिकणाऱ्या एकाने आठवड्यातून एकदा समोर बसायचे. ऑनलाइन धडा असा वाचला गेला तर त्याचा वर्ग होतो. मुलींसाठी वेळ आधी ठरवा. त्यांच्या सोयीची, उजेडाची, आणि सोबतीला एखादी जाणती ताई असलेली.

तिसरे, मागण्या स्पष्ट करा. समाजकल्याण वसतिगृहांच्या जागा वाढल्या पाहिजेत. २०१६-१७ मध्ये स्वाधार योजना आली तीच मुळी वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांसाठी, म्हणजे जागा पुरत नाहीत हे शासनाला मान्य आहे. तिचे पैसे वर्ष संपल्यावर नव्हे, राहण्या-खाण्याची गरज असते तेव्हा मिळाले पाहिजेत. ग्रामपंचायतीपर्यंत आलेली भारतनेटची जोडणी कुलपात न ठेवता शाळेला आणि अभ्यासिकेला द्या, असा ठराव ग्रामसभेत मांडा. वस्तीवरची एकही शाळा बंद होणार नाही आणि टॅब हा शिक्षकाच्या बदल्यात घेतला जाणार नाही, हे ठणकावून सांगा.

चौथे काम प्रत्येकाचे आहे आणि त्याला निधी लागत नाही. बारावीचा निकाल लागून प्रवेश सुरू होतील, तेव्हा आपल्या वस्तीतल्या एका तरी मुलीच्या घरी जा. तिच्या आईवडिलांसोबत बसा. वसतिगृहाचा आणि स्वाधारचा अर्ज सोबत न्या, तो भरून द्या, पहिल्यांदा तिला कॉलेजपर्यंत सोडायला जा. मोबाईल तिच्या बॅगेत असू द्या, पण बॅग उचलून ती घराबाहेर पडली पाहिजे.

जय भीम.